देवळातली वर्षअखेरची हजेरी

माणसानं एकच काम वर्षानुवर्षं केलं की त्याच्याजवळ काहीतरी साठतंच. शिंप्याकडे चिंध्या साठतात, घड्याळजीकडे बंद पडलेली घड्याळं. माझ्याकडे किस्से साठले. खरं तर साठायला नको होते. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा नेमलेला इतिहासकार आणि नोंदणीकार. बाप्तिस्मा कुणाचा झाला, लग्न कुणाचं लागलं, दफन कुणाचं केलं, हे तीन रजिस्टरांत लिहायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. पण रजिस्टरात रकाने मोजके असतात. रकान्यात जे मावत नाही ते कुठं जातं? नोंदणीकाराच्या डोक्यात!

आता वय झालंय. रजिस्टरं येत्या वर्षी दुसऱ्याच्या हाती द्यायची आहेत. देण्याआधी मंडळीच्या यादीत मी शाईनं लिहिलेल्या एका ओळीचा हिशोब मनाशी लागत नाही. लिहिली ते बरोबर केलं की चूक? इतिहासात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला हे ठरवता यायला हवं. मला येत नाही. म्हणून जे आठवतं ते सांगतो. ओघात ती ओळही येईल.

माझी नेमणूक कशी झाली ते आधी ऐका. तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. एका रविवारी तापामुळे उपासनेला गेलो नाही. नेमकी त्याच दिवशी पंच कमिटीची मीटिंग झाली. सोमवारी सकाळी सेक्रेटरी भालेराव दारात. त्यांच्या सायकलच्या कॅरियरला एक पत्र्याची पेटी बांधलेली.

"सर, अभिनंदन! नोंदणीकार म्हणून तुमची निवड झाली. एकमतानं!"

मला जरा बरं वाटलं. मी विचारलं, "माझी डिग्री बघून निवड केली का?"

"तसं काही न्हाई सर," भालेराव पेटी सोडवत म्हणाले. "तुमचं अक्षर बरं हाय. अन् तुमी मीटिंगला आला न्हवता."

*

पेटीत माझ्या आधीचे नोंदणीकार दाऊदमास्तर यांची रजिस्टरं होती. मी ती वाचायला बसलो. बहात्तरच्या दुष्काळातलं दफनाचं पान उघडलं आणि चक्रावलो. एका नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "लांबी साडेपाच फूट, रुंदी दोन फूट, खोली साडेतीन. कठीण मुरूम. मोजमाप बरोबर." खाली कुण्या मुकादमाची सही!

दाऊदमास्तर तेव्हा हयात होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण आठवण लख्ख. मी ते रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"त्या साली सारं गाव दुष्काळी कामावर व्हतं," मास्तर म्हणाले. "तलावाची माती खांदायची. खांदलं की माप, माप झालं की सही, तवा कुठं दिस भरला म्हणायचा. कबर खांदायला गडी तिथूनच आणले. खांदून झालं, पेटी खाली सोडली, पास्टरसाहेबांची प्रार्थना झाली. तरी गडी काही माती लोटंनात. हाताची घडी घालून उभे!"

"कावून उभे?" मीही नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं.

"म्हणं, मापाशिवाय बुजवायचं न्हाई. मुकादमाला बोलवा! गेलं एक जण सायकलवर. मुकादम आला. टेप काढली. मोजलं. म्हणला, खोली कमी भरती, अजून अर्धा फूट घ्या. पुन्हा पेटी वर काढली. पुन्हा खांदलं."

मला हसू आवरेना. कॉलेजातला माणूस मी, मला ते सगळं फार गमतीचं वाटलं. मी हसतो आहे हे मास्तरांना दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ते माझं हसू संपेपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "त्यो माझा धाकटा भाऊ व्हता."

*

आता हजेरीचं सांगतो. हा रिवाज मी आमच्याच देवळात पाहिला, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, दुसरीकडे कुठं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासना संपली की नोंदणीकारानं पुढं यायचं आणि मंडळीच्या यादीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. ज्याचं नाव त्यानं 'हजर' म्हणायचं. तो गावात नसेल तर त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी तो कुठं आहे ते सांगायचं. तीनदा वाचूनही उत्तर आलं नाही तर नावापुढे पेन्सिलची खूण. ओळीनं तीन वर्षं खूण पडली की नाव कमी. उत्तर देणारं कुणी असेल तोवर नाव राहतं, असा साधा नियम. तो कुणी केला, कधी केला, हे मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. माझ्या संशोधनातल्या अनेक भोकांपैकी हे एक.

आमच्या भागात डिसेंबर म्हणजे निम्मं गाव रिकामं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसतात. भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं घेऊन दूरच्या सहकारी साखर कारखान्यांकडे निघतात. शिरूर कासारकडून निघालेले ट्रक आमच्या देवळासमोरून जातात, त्यातच आमचीही माणसं चढतात. नाताळाला बाकावर उरतात ती म्हातारी माणसं, मास्तर लोक आणि मी.

पहिल्या वर्षी मी घसा साफ करून वाचायला लागलो.

"योहान साळवे."

पुढच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "कारखान्याला!"

"शांता योहान साळवे."

"कारखान्याला!"

ही रूथआजी. देवळामागच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. सगळ्या गल्लीच्या वतीनं ती एकटी उत्तर द्यायची. मी वाचतोय, ती 'कारखान्याला' म्हणतेय, असं चाललेलं असताना दहा-बारा नावांनंतर माझंच नाव आलं. मी ते वाचलं. आणि मला प्रश्न पडला: वाचणाऱ्यानंच 'हजर' म्हटलेलं चालतं का? साक्षीदार स्वतंत्र असावा, हे तत्त्व. मी विचार करू लागलो. मंडळी माझ्याकडे बघू लागली. मी ते नाव दुसऱ्यांदा वाचलं आणि आणखी विचार करू लागलो.

रूथआजीला राहवलं नाही. "कारखान्याला!" ती ओरडली.

सगळं देऊळ हसलं. पास्टरसाहेब तर खाली बसले. आजी चुकली, असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. त्या वेळी मी तिथं होतो का?

*

त्याच गल्लीत शिमोन गायकवाड आणि त्याची बायको मार्था राहायचे. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हा कोयता चांगला म्हणून नावाजलेला. मार्थाचं माहेर उमापूरकडचं. बोलायला कमी, पण विचारलं तर सरळ उत्तर देणारी.

एका वर्षी ऊस संपला, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम मिटला, आणि टोळ्या परतल्या. दुसऱ्याच दिवशी मार्था माझ्या ओसरीवर आली.

"सलाम, सर. एक नाव लिहायचं व्हतं."

"कुणाचं?"

"लेकीचं. आशा."

ती दसऱ्याला गेली तेव्हा दिवस भरत आले होते, हे मला ठाऊक होतं. मी आनंदानं बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडलं. "बाप्तिस्मा कधी करायचा?"

"ती न्हाई राहिली, सर. तिकडंच गेली. ताप आलता."

मी ते रजिस्टर मिटलं आणि दफनाचं उघडलं. जन्मतारीख विचारली. "दिवाळी झाल्यावर. थंडी पडायला लागलती." मृत्यूची तारीख विचारली. "दोन महिन्यांची व्हती. तारीख न्हाई सांगता यायची." दफन कुठं केलं? "फडाच्या बांधाला, बाभळीखाली." गाव कोणतं? "ठाव न्हाई, सर. आज ह्या फडात, उद्या त्या फडात. सारे फड सारखेच दिसतेत."

मी पेनला टोपण लावलं. वर्गात जे शिकवत आलो तेच तिला सांगितलं. पुराव्याशिवाय नोंद होत नाही. एका रजिस्टरात बाप्तिस्मा झालेल्यांची नावं, दुसऱ्यात आपल्या कबरस्तानात पुरलेल्यांची. ही दोन्हींत बसत नाही.

"म्हंजी कुठल्याच बुकात बसंना?"

"नाही."

तिनं रजिस्टरांकडे बघितलं. "पर झालती की, सर," एवढंच म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

आतून माझी बायको आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. "किती प्रश्न विचारलेत तिला?"

"पाच-सहा असतील."

"पोरगी दिसायला कशी होती, हे विचारलं का?"

"तसा रकाना नाही," मी म्हणालो.

*

त्याच उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. रविवारी चार लेकरांचा बाप्तिस्मा ठरला होता. पास्टरसाहेबांनी जाहीर केलं होतं, एक तांब्या पाणी पुरे, काळजी नको. पण ही बातमी आमच्या भागातल्या कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली. मोठे जमीनदार, शिवाय दूध संघही त्यांच्याच हातात. देवळात ते निवडणुकीच्या वर्षी नेमानं यायचे. ते वर्ष निवडणुकीचं होतं.

दुसरं गीत चालू असताना बाहेर हॉर्न वाजला. चेअरमनसाहेबांनी टँकर पाठवला होता! दोन्ही बाजूंना त्यांच्या नावाचे फलक, मागून जीपमध्ये त्यांचे पीए आणि फोटोग्राफर.

दाराजवळच्या एका बाईनं वाकून बघितलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. गाण्यातले आवाज एकेक करून गळू लागले. तिसऱ्या कडव्याला फक्त पेटी वाजत होती. मग पेटीवालाही उठला. घागरी, डबे, बादल्या, जे सापडेल ते घेऊन सगळे पळाले. लेकरांच्या आयांनी जाता जाता दोन लेकरं पास्टरसाहेबांच्या हातात दिली, दोन माझ्या!

रिकाम्या देवळात आम्ही दोघं चार रडती लेकरं घेऊन उभे. तेवढ्यात पीए आत आले. "सर, तुमच्या इतिहासात नोंद घ्या. बाप्तिस्म्याला साहेबांनी पाणी पुरवलं."

"पुरवलं खरं," पास्टरसाहेब म्हणाले, "पण ते अजून बाप्तिस्म्यापर्यंत आलं नाही."

शेवटी आलं. मार्थानं आपल्या घागरीतून तांब्याभर आणलं आणि बाप्तिस्मे होईपर्यंत तांब्या धरून ती पास्टरसाहेबांच्या शेजारी उभी राहिली. प्रत्येक लेकराचं नाव घेतलं की ती ओठ हलवून ते मनाशी म्हणत होती. मी ते पाहिलं आणि खाली बघून लिहीत राहिलो.

त्या दिवसाची नोंद अजून आहे: "बाप्तिस्मे चार. उपस्थिती, टँकर येईपर्यंत, एकशे चाळीस."

*

नाव घालायला येणारे होते, तसे नाव काढायला येणारेही. पौलस नावाचे एक गवंडी होते. मुलाच्या जातीच्या दाखल्याचं काम अडलं होतं, कारण कागदावर एक धर्म आणि आमच्या बुकात दुसरा. ते संकोचून बसले.

"सर, आमचं नाव बुकात हाय का?"

"आहे. तुमच्या आजोबांपासून आहे."

"लई बारीक अक्षरात हाय?"

"नाही, ठळक आहे. दाऊदमास्तरांचं अक्षर."

मग म्हणाले, "जुन्या बुकाला कसर लागती म्हणतेत."

"लागते."

"मंग आमच्या पानाला कावून न्हाई लागली?"

मी म्हणालो, "कसर पान निवडून खात नाही, पौलस." ते उठले. मुलाचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

दोनेक वर्षांनी पौलसचे वडील वारले. पौलस धावत आले, पायात चप्पल नाही. "सर, पान बघा बरं आमचं! कबरस्तानात जागा पाहिजे. म्हाताऱ्याचं नाव हाय ना?"

मी पान उघडून दाखवलं. आजूबाजूची दोन पानं जाळीसारखी झाली होती. हे मात्र शाबूत.

पौलसनी नावावरून बोट फिरवलं. "कसरीनं लई उपकार केले," म्हणाले आणि तिथंच बसून रडायला लागले.

*

मी मंडळीचा इतिहासही लिहिला. तो छापायचं कमिटीनं ठरवलं आणि भांडण लागलं, कारण गावातला पहिला ख्रिस्ती आपलाच पूर्वज, असं तीन घराण्यांचं म्हणणं! एक जण म्हणाला, माझ्या पणज्याचा बाप्तिस्मा नदीत झाला. दुसरा म्हणाला, तेव्हा नदीला पाणी होतं का ते आधी सिद्ध करा!

मी सगळ्यात जुनं रजिस्टर भिंगाखाली धरलं. पहिलं नाव या तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. भलताच कुणीतरी. दुष्काळात आलेला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "ज्वारी आल्यावर जुन्या धर्मात परत गेला."

कमिटीत हे वाचून दाखवलं. मग भालेराव म्हणाले, "सर, दुसऱ्यापासून सुरू करा की!"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, हे सांगायला लाज वाटते. पुराव्याशिवाय नोंद नाही, असं मार्थाला तोंडावर सांगणाऱ्या माणसानं पुरावा हातात असलेली नोंद गाळली आणि दुसऱ्यापासून सुरू केलं.

*

रूथआजी ऐन डिसेंबरात गेली, हजेरीच्या आठ दिवस आधी. पेटी उचलायला माणसं कमी पडली. पास्टरसाहेब, भालेराव आणि कंबरेला पट्टा बांधलेला मी, खांदा देण्याजोगे एवढेच पुरुष. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले चाँदभाई टेलर दोन मुलांना घेऊन आले आणि खांदा दिला.

कबरस्तानातून परतताना मी आभार मानायला लागलो. ते म्हणाले, "कायचे आभार, सर? आमच्या गल्लीतला कोण कुठं गेला, कधी येणार, सगळी खबर आजीकडंच. हमको भी वही बताती थी!"

आठ दिवसांनी हजेरी. मी नेहमीसारखा वाचायला लागलो. "योहान साळवे." उत्तर नाही. रूथआजीच्या गल्लीतली सगळी नावं पुढं होती आणि उत्तर देणारी गेली होती. दुसऱ्यांदा वाचलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा वाचून पेन्सिल हातात घेतली, आणि माझ्याच तोंडून निघालं, "कारखान्याला."

पुढचं नाव वाचलं, आणि उत्तरही मीच दिलं. गल्ली संपेपर्यंत असंच चाललं. वाचायचं मोठ्यानं, उत्तर हळू आवाजात.

भालेराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, नोंदणीकारानंच उत्तर द्यायचं, हे कुठल्या नियमात बसतं?"

"उत्तर देणारं कुणी असेल तोवर नाव राहतं," मी म्हणालो. "कुणी म्हणजे कोण, ते नियमात नाही."

इतक्या वर्षांत तो नियम मी पहिल्यांदा नीट वाचला होता.

*

त्या हंगामाचा पट्टा पडला आणि मार्था पुन्हा आली. पदराखालून एक वही काढून तिनं टेबलावर ठेवली. कडा मळलेल्या, उसाच्या चिकट रसाचे डाग.

"पुरावा आनला, सर."

वही त्यांच्या टोळीच्या मुकादमाची होती, दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामातली. तो ती रद्दीत देणार होता, हिनं मागून घेतली होती. पानावर उभ्या ओळीत कोयत्यांची नावं, आडव्या ओळीत तारखा. कामावर आलेल्या दिवशी बरोबरची खूण, न आलेल्या दिवशी 'खाडा'. मार्थाला वाचता येत नव्हतं, पण पान तिनं दुमडून ठेवलं होतं. बोट नेमकं जागेवर टेकवलं.

"ह्यो दिस. वाचा."

शिमोनच्या नावापुढे सगळीकडे खुणाच खुणा. त्या एका तारखेखाली लिहिलं होतं: "अर्धा खाडा."

मी वही उलटसुलट करून पाहिली. त्याच काळातली, त्याच जागेवरची, ज्याला या मृत्यूशी काही देणंघेणं नाही अशा माणसाच्या हातची नोंद. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं साधन शोधून आणलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती.

"अर्धाच?" मी विचारलं.

"दुपारून ट्रक आलता, सर," मार्था म्हणाली. "भरायचा व्हता."

 मग मी एक प्रश्न विचारला, दोन वर्षं उशिरा. "दिसायला कशी होती?"

"जावळ लई व्हतं," ती लगेच म्हणाली. जणू कधीपासून कुणी विचारेल म्हणून तयारच होती. "कानापर्यंत. अन् सारखी मूठ आवळून असायची. धुवायला बी उघडंना."

मग तिनं विचारलं, "आता बसंल का बुकात?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघा. न्हाईतर मी दसऱ्याला जाईन अन् पुन्हा येईन."

तारीख मिळाली होती. पण बाप्तिस्म्याचं रजिस्टर तेच आणि दफनाचंही तेच. मी दोन्ही कितीदा उघडून मिटली त्याला गणती नाही. पास्टरसाहेबांना विचारायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर? आणि 'हो' म्हटलं असतं तर मग आधीच का लिहिलं नाही, याचं उत्तर मी काय देणार होतो?

*

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आदल्या वर्षीही कमीच होता. तिकडं ऊसच उभा राहिला नाही. दसऱ्याला गेलेल्या टोळ्या महिना-दीड महिन्यात परत आल्या. असं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. नाताळाला सगळं गाव घरी! हाताला काम नाही, घरात दाणा नाही, आणि देवळात पाय ठेवायला जागा नाही.

हजेरीच्या रविवारी बाकं कमी पडली, माणसं खाली सतरंजीवर बसली. पास्टरसाहेबांचे डोळे भरून आले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "सर, बघा! देवानं मंडळी भरून दाखवली."

भालेराव मागून म्हणाले, "पाऊस पडला न्हाई म्हणून भरली, पास्टरसाहेब."

मी यादी उघडली. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्या यादीत एक ओळ शाईनं लिहिली होती. कुणाला विचारलं नव्हतं. पास्टरसाहेबांना नाही, कमिटीला नाही, मार्थालाही नाही. यादीच्या नियमात बाप्तिस्म्याचा शब्द नाही आणि कबरीचाही नाही, हे मी चार वेळा तपासून घेतलं होतं.  यादी जिवंत माणसांची असते, हेही मला ठाऊक होतं.

"योहान साळवे."

"हजर!"

"शांता योहान साळवे."

"हजर."

माझं नाव आलं. "हजर," मी म्हणालो आणि पुढं गेलो.

नावामागून नाव, आणि प्रत्येक नावाला ज्याचा त्याचा आवाज. काही आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. इतकी वर्षं रूथआजीच त्यांच्या वतीनं बोलली होती. माणसं आधी हसत हसत 'हजर' म्हणत होती. मग हळूहळू हसू कमी झालं. प्रत्येक जण हजर असणं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होतं.

"शिमोन गायकवाड."

"हजर."

"मार्था शिमोन गायकवाड."

"हजर."

मी चष्मा पुसला.

"आशा शिमोन गायकवाड."

पास्टरसाहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. भालेराव जागचे अर्धवट उठले. शिमोननं मान खाली घातली. सतरंजीवर कुजबुज झाली आणि थांबली.

मी दुसऱ्यांदा वाचलं.

"आशा शिमोन गायकवाड."

बायकांच्या रांगेत मार्था उठून उभी राहिली. रूथआजी म्हणायची तसंच, मोठ्यानं, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं तिनं उत्तर दिलं.

"कारखान्याला."